उंबरखिंडीच्या वाटेवरच्या पाट्या

मुलांनो, सुरुवात तुम्ही पाठवलेल्या फोटोंपासून झाली. उन्हाळ्यात तुम्ही तिकडे नदीकाठाने सहलीला गेला होतात. डोंगरावर किल्ला, खाली दगडी पुलाचं गाव, पुढे जुनी लढाई झालेलं हिरवं माळरान, आणि नदी वळली की पुन्हा किल्ला. प्रत्येक फोटोखाली गावाचं नाव नीट लिहिलेलं होतं, ते मला फार आवडलं. मी फोन आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो दूर धरला, मग जवळ धरला, मग मान जरा वळवून कडेने बघितलं आणि म्हणाले, ‘छान आहे. पण आपल्याकडे नाही असं ह्यात काय आहे?’

त्याच संध्याकाळी त्यांनी डिसेंबरचा बेत ठरवून टाकला. पनवेलहून निघायचं, पळस्प्याला गोव्याच्या रस्त्याला लागायचं. कर्नाळा किल्ला, खारपाड्याला पाताळगंगा, मग पेण, मग अंबा नदीकाठचं नागोठणं आणि तिथला शेकडो वर्षांचा दगडी पूल. तिथून पाली, पालीजवळ उंबरखिंडीची रणभूमी. दुसऱ्या दिवशी सावित्रीकाठचं महाड आणि शेवटी रायगड. ‘नदीमागून नदी, किल्ल्यामागून किल्ला,’ आजोबा म्हणाले. ‘पोरांना मी स्वतः गाडी चालवत नेणार.’

ते शेवटचं वाक्य ऐकून मी घाबरले.

काही महिन्यांपासून मला काही गोष्टी दिसत होत्या. आजोबा चहा ओतताना कपाच्या कानाला बोट लावून अंदाज घ्यायचे. पेपर वाचायचं त्यांनी सोडलं होतं. ‘हल्ली त्यात असतं काय?’ म्हणून मलाच मोठ्याने वाचायला सांगायचे. जिन्यात समोरून येणारे शेजारी बोलेपर्यंत त्यांना ओळखू येत नसत. गाडीच्या डाव्या अंगाला एक लांब ओरखडा आला होता. ‘पार्किंगमध्ये कुणीतरी घासली,’ ते म्हणाले. घासली असेलही. मी दोनदा म्हटलं, डोळे दाखवून घ्या. दोन्ही वेळा उत्तर आलं, ‘दाखवलेत. ठीक आहे.’ ते कधी खोटं बोलत नाहीत, म्हणून मी गप्प बसले. पण कधी ते एकटेच गाडी घेऊन गेले की परत येईपर्यंत मी खिडकीशी उभी असायची.

तुम्ही दोघं त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसायचं की नाही, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढे होता. फोनवर तुमच्या आईला घाबरवायचं, आणि उगाचच निघालं तर ह्यांचा अपमान करून बसायचं, हे मला नको होतं. मला आधी खात्री हवी होती. म्हणून मीच सुचवलं, ‘मुलं येण्याआधी आपण एकदा जाऊन येऊ. राहायची सोय, स्वच्छतागृहं, सगळं बघून ठेवू.’ आजोबांना कल्पना पसंत पडली. मी परीक्षा घ्यायला निघाले आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दसरा झाल्यावर एका सकाळी आम्ही निघालो. खांदा कॉलनीतून तुमच्या आत्याआजीला, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीला, घेतलं. तिला प्रवासाचं भारी वेड. तिने मागच्या सीटवर पिशव्यांचा ढीग लावला आणि सांगितलं, ‘दादा, गाडी सावकाश घे. माझ्या मांडीवर कोथिंबीर वड्या आहेत.’

मी आजोबांच्या शेजारी बसले. डावा हात वरच्या कडीला, उजवा पदराखाली मुठीत. पळस्पं कसं आहे, ते तुम्ही पाहिलंच आहे. पुण्याचे, गोव्याचे, बंदराकडचे ट्रक एकमेकांच्या अंगावर आल्यासारखे येतात. ‘पेण, गोवा,’ मी पाटी वाचली. आजोबांनी बरोबर तिकडे गाडी घेतली. ‘सावकाश चला, पुढे गतिरोधक,’ मी वाचलं. त्यांनी वेग कमी केला.

ही वाचायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे, तुम्ही हसताही तिला. पण ती लागली कशी, ते सांगितलेलं नाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. घरात मराठी बोलायचो, पण वाचायची वेळ आली की मी ठेचकाळायची. लग्न झालं तेव्हा आजोबा रस्त्यांच्या कामावर होते. स्कूटरवर मागे बसवून मला ह्या सगळ्या भागात फिरवायचे, आणि अट एकच: पाटी दिसली की मोठ्याने वाचायची. अडखळले तर भजी नाहीत. अशी मी मराठी वाचायला शिकले, गावांच्या नावांवर, अंतराच्या दगडांवर, कीटकनाशकांच्या जाहिरातींवर. तेव्हापासून गाडी सुरू झाली की माझं तोंड सुरू होतं. त्या सकाळीही झालं. मला कळलंसुद्धा नाही.

कर्नाळ्याच्या वळणावर आजोबा नेहमी जे म्हणतात तेच म्हणाले. ‘बघा, अंगठा कसा स्वच्छ दिसतोय!’

किल्ल्याच्या माथ्यावर तो उभा सुळका आहे ना, त्याला आम्ही अंगठा म्हणतो. मी बघितलं. डोंगर अर्ध्यापासून वर ढगात होता. अंगठा नव्हता, माथा नव्हता, झाडांच्या वर फक्त करडा कापूस.

आत्याआजी पिशवीत डोकं घालून डबा शोधत होती. मी हळूच विचारलं, ‘दिसतोय तुम्हाला?’

‘दिसतोय म्हणजे? इथून दिसतोच.’

मी स्वतःची समजूत घातली, की ही त्यांची तोंडातली सवय आहे, जशी माझी पाट्यांची. पण परीक्षा सुरू झाली होती. थोड्या वेळाने मी विचारलं, ‘पुढच्या ट्रकचा नंबर काय हो?’

‘का? त्याने तुझं काय चोरलं?’

‘सहज.’

‘सहज कुणी ट्रकचे नंबर विचारतं? मी काय हवालदार आहे?’

आत्याआजी खदखदून हसली. उत्तर मिळालं नाही. तरी खारपाड्याच्या पुलापर्यंत माझा जीव थोडा भांड्यात पडला, कारण ते चालवत छान होते. पूल येण्याआधी वेग कमी, वळणावर हॉर्न, काम चालू असेल तिथे सावध. जिथे जे करायला हवं ते सगळं ते करत होते. पेणला आम्ही चहा घेतला, आत्याआजीने पोह्याचे पापड घेतले. मला वाटलं, उगाच संशय घेतला मी ह्या माणसावर. इतकी वर्षं ज्याच्या मागे बसून फिरले, त्याचीच परीक्षा!

पेण सुटल्यावर मी पुन्हा वाचायला लागले. ‘अपघातप्रवण क्षेत्र. डावीकडे वळण. वडखळ. काम चालू रस्ता...’

‘वहिनी, अहो किती वाचाल!’ मागून आत्याआजी म्हणाली. ‘माझं डोकं दुखायला लागलं. गेल्या मैलात तुम्ही तीन दवाखाने, दोन मंगल कार्यालयं आणि एक बोअरवेलवाला वाचलात. दादाला काय डोळे नाहीत का?’

आजोबा सगळ्यात मोठ्याने हसले. ‘अगं, तिला वाटतं, तिने वाचल्याशिवाय गाडी पुढे सरकणारच नाही.’

‘इंग्रजी शाळेत सक्तीचं असेल,’ आत्याआजी म्हणाली. ‘खिडकीबाहेर बघा आणि धडा म्हणा.’

दोघं भाऊबहीण हसत राहिले. एरवी मीही हसले असते. पण सकाळपासून भीतीने माझं अंग आखडलं होतं, आणि ज्याच्यासाठी घाबरले होते तोच हसत होता. ‘बरं,’ मी म्हटलं. ‘आता नाही वाचत.’ आणि तोंड मिटलं. आमच्या पिढीच्या बायकांना भांडता येत नसे, अबोला धरता येत असे. तो मला उत्तम येतो.

नागोठण्याला आम्ही पूल बघायला उतरलो. ठेंगण्या कमानींचा, काळ्या दगडाचा. इतका अरुंद, की त्यावरून सैन्य गेलं असेल तर घोड्यामागे घोडा असंच गेलं असेल. खाली अंबा नदी गढूळ, संथ. आजोबा माहिती सांगत पुढे चालले होते. त्यांचा एक हात सबंध वेळ कठड्यावरून घासत होता. लहान मूल भिंतीला हात लावून चालतं तसा. मी ते बघितलं, पण अबोल्यात असल्यामुळे विचारलं नाही.

पूल बघून आम्ही वाकण फाट्याकडे निघालो. तिथून पालीचा रस्ता फुटतो. गाडीत कुणी बोलत नव्हतं. आत्याआजी पेंगत होती. महामार्गाचं काम ठिकठिकाणी चालू होतं. कधी ह्या बाजूने, कधी त्या बाजूने रस्ता वळवलेला. थोड्या वेळाने आजोबा म्हणाले, ‘वाकण किती राहिलं?’

मी बोलले नाही.

‘पाटी गेली ना आत्ता? काय लिहिलं होतं?’

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कापणीला आलेलं भात पिवळं पडलं होतं.

‘अगं, बोल ना काहीतरी.’

हे ते मला मनवत आहेत, असं मला वाटलं. त्यांचा आवाज जरा वेगळा होता, पण मी त्याचाही अर्थ तोच लावला. गाडीचा वेग कमी झाला होता. मागून एका टँकरने हॉर्न वाजवला आणि आम्हाला ओलांडून गेला. तो पुढे गेला आणि डावीकडे वळला, कारण तिथून सगळी वाहनं डावीकडच्या कच्च्या रस्त्यावर काढली होती. समोर मोठी लाल पाटी होती. रस्ता बंद. डावीकडे वळा. मी ती लांबूनच मनात वाचली आणि मनातच म्हटलं, आता घेतील डावीकडे.

त्यांनी घेतली नाही.

गाडी सरळ चालली होती. जुना रस्ता सरळच जायचा. त्यांच्या तरुणपणी त्यांनी स्वतः उभं राहून डांबर टाकून घेतलेला. पाटी माझ्या खिडकीवरून मागे गेली. वाट अडवायला ठेवलेलं एक पिंप गेलं, दुसरं गेलं. त्यांचे हात शांत होते, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तेव्हा मला कळलं आणि मी किंचाळले, ‘अहो, थांबा!’

गाडी घसरत थांबली. पिशव्या पुढे आल्या, आत्याआजीचं डोकं माझ्या सीटवर आपटलं. बंपरला लागून एक पिंप आडवं झालं, गडगडत पुढे गेलं आणि नाहीसं झालं. थोड्या वेळाने खालून त्याचा आवाज आला. मोरी बांधायला रस्ता आडवा खोदलेला होता, आणि खड्ड्यातून लोखंडी सळया वर उभ्या होत्या, ओळीने, टोकं वर करून.

आजोबांनी विचारलं, ‘पाटी होती का?’

‘होती.’

‘मग वाचली का नाहीस?’

मुलांनो, त्या सळयांपेक्षा मला त्या प्रश्नाची भीती जास्त वाटली. सकाळपासूनची परीक्षा एका क्षणात उलटी झाली. ते पुलाआधी सावकाश झाले होते, कारण मी पूल वाचला होता. ते पळस्प्याला बरोबर वळले होते, कारण मी पेण वाचलं होतं. मी ज्याची परीक्षा घेत होते, त्याला सगळी उत्तरं मीच सांगत आले होते.

कामावरचा एक माणूस हातातला लाल झेंडा आपटत धावत आला. त्याने काचेवर थाप मारली. ‘अरे चाचा! दिखता नहीं है क्या?’

आजोबांनी काच खाली केली. दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. ‘नहीं, भाई,’ ते म्हणाले. ‘नहीं दिखता.’

तो माणूस शिवी द्यायला आला होता, ती त्याने गिळली.

त्यानेच गाडी मागे घेतली आणि कडेच्या एका चहाच्या टपरीसमोर आणून लावली. त्याने किल्ली आजोबांच्या हातात दिली, त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली. टपरीच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. आजोबांनी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. पावसाळ्याआधीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते एकटे जाऊन आले होते. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला आहे. कडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथेच काही नसतं. ‘तुझ्याकडे बघितलं, की तुझ्या कानातल्या कुड्या दिसतात,’ ते म्हणाले. ‘चेहरा दिसत नाही.’

‘आणि गाडी?’

‘डॉक्टरांनी बंद करायला सांगितली.’

आत्याआजी रडायला लागली. ‘दादा, आणि मी मेली हसत बसले!’ मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. ‘वहिनी, आता काय झालं ते झालं. तुम्ही वाचा. दादा सावकाश चालवेल. आल्या वाटेने घरी जाऊ.’

‘तेच म्हणतो मी,’ आजोबा म्हणाले. ‘तू वाच, मी चालवतो. इतके महिने तसंच तर चाललंय.’

इतके महिने. भाजीला, बँकेत, लग्नाकार्याला, मी शेजारी बसून वाचत होते. आणि ज्या दिवशी मी शेजारी नव्हते, त्या दिवशी ओरखडा आला होता. त्यांचं म्हणणं ऐकताना सगळ्यात भीतीदायक गोष्ट ही वाटली, की ते मला शक्य वाटलं. एक क्षण मी खरंच विचार केला, की वाचत वाचत पनवेलपर्यंत जाता येईल. मी म्हटलं, ‘नाही.’

‘मग इथेच राहायचं का?’ आत्याआजी.

टपरीवालीने आमचं सगळं ऐकलं होतं. ऐकू न येण्याइतकी ती टपरी मोठी नव्हती. ‘आजी, गारी हितंच ऱ्हाउंद्या,’ ती म्हणाली. ‘कोन नाय नेत. आमी हाय ना.’

मी पनवेलच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरला फोन केला. तो बसने येऊन आमची गाडी परत नेणार होता, पण त्याला यायला दुपार उलटणार होती. रात्रीसाठी ठरवलेली महाडची खोली रद्द केली. तेव्हा आजोबा म्हणाले, ‘तोवर खिंड बघून येऊ. इतक्या जवळ आलोय.’ टपरीवालीच्या दिराची मिनीडोअर होती, म्हणजे ती सहा माणसांची रिक्षा. त्यात बसून आम्ही पालीवरून उंबरखिंडीला गेलो. आजोबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. सबंध वाटेत त्यांचा एक हात शर्टाच्या खिशावर होता, आणि माझं लक्ष त्या हातावर.

उंबरखिंडीत नदीच्या पात्रात एक स्मारक आहे, मोठमोठ्या शिळांमध्ये. तीन बाजूंनी डोंगर इतके जवळ येतात, की आवाज दाबल्यासारखा होतो. पाण्याच्या खळखळीशिवाय काही नाही. भर दुपारी मला तिथे थंडी वाजली. आजोबांनी शिळेवर बसून लढाई सांगितली, डोळे मिटून. वाट कशी आहे ते न बघता मोठी फौज घेऊन आलेला खान, त्याला ह्या झाडीत येऊ देणारे महाराजांचे मावळे, आणि एकाएकी पुढची वाट बंद, मागची वाट बंद, वरून दगड आणि बाण, आणि माणसं पाण्याविना तडफडताहेत.

‘त्या फौजेत एक बाई होती,’ आजोबा म्हणाले. ‘सरदारीण. खानाला तिनेच सांगितलं, तू सिंहाच्या तोंडात आला आहेस. मान खाली घाल आणि वाट माग. खानाने मागितली. सगळं सामान टाकून द्यावं लागलं. पण माणसं जिवंत घरी गेली.’

मी म्हटलं, ‘मग द्या किल्ली.’

ते नदीकडे बघायला लागले. कडेने, मान वळवून, आता मला कळत होतं तसं. ‘एकदाच,’ ते म्हणाले. ‘पोरांना एकदाच मी चालवत आणायचं होतं. पुन्हा ती कधी येतील, तेव्हा माझ्याच्याने काय होईल, कुणाला ठाऊक. एकदा फिरवून आणलं असतं आणि किल्ली तुझ्या हातात दिली असती.’

‘मागच्या सीटवर ती असती.’

‘तू वाचलं असतंस.’

‘आणि मला शिंक आली असती तर? डोळा लागला असता तर? तुम्ही हसलात म्हणून मी रुसले असते तर?’

त्यांनी किल्ली दिली नाही. ‘बघू,’ म्हणाले आणि उठले. उतरताना मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

टपरीवर परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. ड्रायव्हरचा फोन आला, की वडखळला सगळं अडकलंय, त्याची बस हलत नाही. मिनीडोअर दुसरी सवारी घेऊन निघून गेली. मी आणि आत्याआजी टपरीवालीशी बोलत होतो, रात्र झाली तर कुठे टेकायचं ते. बोलता बोलता मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

आजोबा स्टिअरिंगवर बसले होते. दिवे लागले. ‘चला बसा,’ ते आतून म्हणाले. ‘अंधार पडायच्या आत निघू. वाच तू.’

आत्याआजी जागची हलली नाही. मी धावले. मला धावता येत नाही, गुडघे नाहीत त्या लायकीचे, तरी धावले, आणि गाडीच्या समोर जाऊन उभी राहिले, बरोबर मधोमध, दोन्ही दिव्यांच्या मध्ये. इंजिनची ऊब पायांना लागत होती. काचेतून मला ते दिसत होते. ते थेट माझ्याकडे बघत होते.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांना मी दिसत नाही. जिथे बघावं तिथे काही नसतं, असं त्यांनीच सकाळी सांगितलं होतं, आणि मी नेमकी तिथे जाऊन उभी होते. त्यांचा हात गिअरवर गेला.

मी पाटी वाचते तशा आवाजात, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, ‘रस्ता. बंद. आहे.’

हात थांबला.

‘कुठे आहेस तू?’ त्यांनी विचारलं.

‘समोर.’

इंजिन बंद झालं. दिवे विझले. मग ते उतरले, बॉनेटला हात लावत लावत फिरून माझ्यापर्यंत आले, आणि माझा हात शोधून त्यात किल्ली ठेवली. ते डाव्या बाजूच्या सीटवर, माझ्या जागेवर, जाऊन बसले.

ड्रायव्हर आला तेव्हा संध्याकाळचा शेवटचा उजेड होता. मी आणि आत्याआजी मागे बसलो. पेण गेलं, तेव्हा पुढून आजोबा म्हणाले, ‘वाच ना.’ मी वाचायला लागले. दवाखाने, मंगल कार्यालयं, बोअरवेल. आत्याआजीने माझा हात धरला आणि मी चुकवलेली एक गॅरेजची पाटी स्वतः वाचली.

कर्नाळ्याच्या वळणावर ह्या वेळी ते काही म्हणाले नाहीत. ढग निघून गेले होते. आभाळ चांदण्याने उजळलं होतं आणि त्यावर तो सुळका काळा, उभा.

‘अंगठा दिसतोय,’ मी म्हटलं.

‘स्वच्छ?’

‘स्वच्छ.’

तर डिसेंबरात आपण सगळे हाच रस्ता घेणार आहोत, ड्रायव्हर घेऊन. रायगड मी तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. पुढच्या सीटवर आजोबा बसतील, आणि मागे जो कोणी असेल त्याने पाट्या मोठ्याने वाचायच्या, मराठीतून. अडखळलात तर अडखळलात. त्यांनी ह्याआधीही एकीला शिकवलं आहे. पण थट्टेतसुद्धा त्यांना गाडी चालवायला सांगू नका. आमच्या इमारतीच्या आवारातही नाही, एक फेरीसुद्धा नाही. किल्ली मी ठेवली आहे. तरी अजून खाली एखादी गाडी सुरू झाली, की मी हातातलं टाकून खिडकीशी जाते आणि आपली गाडी जागेवर आहे ना, ते बघते. ही भीती जाईल असं मला वाटत नाही.

सकाळपासून मी हे लिहीत बसले आहे. तुम्हाला पाठवण्याआधी ते आजोबांना वाचून दाखवायचं आहे, कारण आता त्यांना सगळं मीच वाचून दाखवते. त्या सळया, ते पिंप, मी समोर उभी असल्याचं त्यांना दिसलं नाही ते, सगळं मोठ्याने. काही गाळायचं नाही, असं ठरवलं आहे. दोनदा उठून गॅलरीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. ते बाहेर खुर्चीत बसले आहेत, मान जरा वळवून, रस्त्याकडे तोंड करून.

आत्ताच त्यांनी हाक मारली. ‘झालं का लिहून? आण इकडे. वाच.’